पुदिन्याचा फांट

पुदिन्याच्या चहात चहा नसतो. गोष्ट इतकी उघड आहे, की ती लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते. पण माझ्या घरात जे घडले त्याचे मूळ याच वाक्यात असल्यामुळे आरंभ तिथूनच करते. मोरोक्कोतला प्रसिद्ध पुदिन्याचा चहा घेतला, तर त्याच्या तळाशी चीनमधून येणारा, बारीक गोळ्यांसारखा वळलेला हिरवा चहा असतो. पुदिना आणि भरपूर साखर ही त्यावरची भर. आपला गवती चहा नावापुरताच चहा; पण तोही बहुतेक घरांत खऱ्या चहाच्या संगतीनेच उकळतो. मी आईला जे देत होते त्यात पाने आणि पाणी यांखेरीज काही नव्हते, आणि मी त्याला खुशाल ‘चहा’ म्हणत होते. विद्यार्थ्यांना एकेका शब्दासाठी धारेवर धरणाऱ्या बाईने स्वतःला ही सूट कशी दिली, कोण जाणे.

बाबा २०२२ च्या डिसेंबरात गेले. पुढच्या जूनमध्ये आई वाईचे घर बंद करून माझ्याकडे पुण्याला आली. सामान फारसे नव्हते. पण त्यात चहाचे जुने, बुडाशी काळे पडलेले पातेले होते. माझ्या घरी चहाला भांडी नाहीत असे तिला वाटले असेल असे नाही. दुपारी चारच्या ठोक्याला ती त्या पातेल्यात आधण ठेवायची, गवती चहाच्या पाती कात्रीने कापून टाकायची, आल्याचा तुकडा ठेचायची. वाईला हा चार वाजताचा चहा दोघांचा असे. बाबा कपातून पीत, आई बशीत ओतून. त्या अर्ध्या तासात दोघे फारसे बोलत नसत, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

२०२४ च्या हिवाळ्यात तिला छातीत जळजळ सुरू झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आणि सांगितले, ‘चहा जरा कमी करा, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका.’ यातले ‘कमी करा’ हे क्रियापद मी घरी येईपर्यंत ‘बंद करा’ असे वाचून टाकले होते. पाठचिकित्सेचा पेपर शिकवणाऱ्या माणसाकडून झालेला हा पाठभेद! चहाचा डबा वरच्या फळीवर गेला आणि मंडईतून पुदिन्याची जुडी आली.

पुदिना लावणे फार सोपे. जुडीतल्या जाड काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवल्या, की आठ-दहा दिवसांत त्यांना पांढऱ्या मुळ्या फुटतात. मग कुंडीत लावायच्या; जमिनीत नको, कारण त्याचे धावते खोड बघता बघता वाफा गिळून टाकते. खरी मेख पुढे आहे. सुरुवातीला मी पाने पाण्याबरोबर खळाखळा उकळत होते. घरभर सुवास सुटे आणि कपात उरे ते गवताचे कडवट पाणी. घरभर सुवास सुटतो याचाच अर्थ तो कपात राहिलेला नसतो, हे ध्यानात यायला मला आठवडा लागला. पुदिन्याचा सारा गुण त्याच्या तेलात आणि ते तेल उडून जाणारे. म्हणून पाणी उकळवून गॅस बंद करायचा, दहा-बारा ताजी पाने हाताने जराशी चुरगाळून भांड्यात घालायची, वरून ते पाणी ओतायचे आणि ताबडतोब झाकण ठेवायचे. पाच-सात मिनिटांनी गाळायचे. झाकणाच्या आतल्या बाजूला साचलेले थेंबही कपात झटकून घ्यावेत; त्यांत सुवास असतो.

याला आपल्या परंपरेत स्वतंत्र नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी वनस्पतींपासून कषाय करण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पिळून काढलेला तो स्वरस, वाटलेला तो कल्क, उकळलेला तो शृत म्हणजे आपला काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवलेला तो शीत, आणि गरम पाण्यात घालून गाळून घेतलेला तो फांट. म्हणजे मी करत होते तो काढा नव्हे, चहा तर नव्हेच, तो फांट. हा शोध मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितला. ती म्हणाली, ‘फांट? नाव तरी बरं ठेवायचंस गं.’ मग एक घोट घेऊन म्हणाली, ‘बरं वाटतंय.’

हे ‘बरं वाटतंय’ मी पुढे कित्येक महिने ऐकत राहिले. गरम पेयाने तोंड गार कसे पडते, याचे उत्तर मला त्याच सुमारास वाचनात सापडले होते. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकाशी एक ग्राही प्रथिन असते, ते गारव्याने जसे जागे होते तसेच मेंथॉलनेही होते. २००२ साली दोन प्रयोगशाळांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्या दोन्हींचे प्रमुख, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन, यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले. थंडावा असा कुठे नसतोच. फक्त त्याची वर्दी मेंदूला जाते. आईचे ‘बरं वाटतंय’ त्याच जातीचे असेल, अशी शंका मात्र मला आली नाही.

२०२५ च्या मे महिन्यात कुंडीतला पुदिना उन्हाने करपला. मी दुकानातून सुकवलेल्या पेपरमिंटच्या पानांचे पाकीट आणले. हा पुदिन्याचा संकरज भाऊबंद, मेंथॉलच्या बाबतीत कितीतरी जहाल. आपल्या स्वयंपाकातल्या पुदिन्यात मेंथॉल जवळजवळ नसतेच, त्याचा वास कार्व्होन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा. हे सारे मी नंतर वाचले. त्या वेळी वाटले, पाने ती पाने. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत भल्याभल्यांची असते. माझी तर होतीच.

एका रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले, तर आई अंधारात पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसलेली. ‘झोप येत नाही,’ म्हणाली. खोदून विचारल्यावर कळले, की आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते. पंधरा दिवस ती बसूनच झोपत होती. डॉक्टरांनी काय काय पोटात जाते ते विचारले. मी अभिमानाने पुदिन्याचे सांगितले. त्यांनी लिहिणे थांबवले. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू पेपरमिंटने सैल पडतो आणि आम्ल वर यायला वाट मोकळी होते, असे त्यांनी शांतपणे समजावले. पोट मुरडणे, वात धरणे यांना जे बरे, तेच या जळजळीला वाईट. ‘रोज किती?’ त्यांनी विचारले. ‘दोनदा. रात्री झोपताना एकदा,’ मी म्हणाले.

परतताना रिक्षात मी आईला विचारले, ‘मग तू बरं वाटतंय म्हणायचीस ते?’

‘तू कॉलेजातून दमून यायचीस. पानं खुडायचीस, झाकून ठेवायचीस. नको कसं म्हणू?’

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग तिनेच आपण होऊन सांगितले. वाईहून आल्यापासून तिच्या हातून आधण दोन कपांचेच पडत होते. मी कॉलेजात असले, की दुसरा कप उरे. ‘ह्यांचा कप ओतून कसा द्यायचा, म्हणून पिऊन टाकायचे,’ ती म्हणाली. डॉक्टरांना कमी करायला हवा होता तो चहा हा होता, आणि त्याबद्दल मी तिला एका अक्षराने विचारले नव्हते.

चहाचा डबा आता खालच्या फळीवर आहे. पावसाळ्यात कुंडीतल्या पुदिन्याला तळातून पुन्हा फुटवे आले. तो चटणीत जातो, आणि मला सर्दी झाली की माझ्या कपात. चार वाजता आई एका कपाचे आधण ठेवते. मापाला चुकू नये म्हणून पाणी आधी कपात घेते, मग पातेल्यात ओतते. मंगळवारी आणि शुक्रवारी माझे तास दोनला संपतात, त्या दिवशी दोन कप. मी बाबांसारखी कपातून पिते. आई बशीत ओतते.