सीटखालचा नाद

जुन्या ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. त्यामुळे तिच्या पोटातलं दुखणं चालवणाऱ्याच्या कानाआधी मांडीला कळतं. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून रस्त्यावर आलेल्या आणि 2019 साली बनायची थांबलेल्या या गाडीनं शाळेची पोरं नेली-आणली, लग्नाचं रुखवत वाहिलं, रात्रीबेरात्री आजारी माणसं दवाखान्यात पोहोचवली. आणि तिच्या तीन सिलिंडरांची घरघर आपल्या बोलण्याखालून अखंड वाहत राहिली. आमची मुलं मागच्या सीटवर झोपायची ती याच नादावर, आणि गाडी थांबली की नाद तुटल्यानं जागी व्हायची. म्हणून तिच्यात परका स्वर मिसळला की जीव कातर होतो.

परवा तसा स्वर आला, खुंटा सैल झालेल्या जात्यासारखा खरखरीत, रेस केली की चढणारा. मिस्त्रींनी सीट उचलली, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. अल्टरनेटरला गॅरेजात अजून डायनॅमोच म्हणतात. पट्ट्याचा आवाज निराळा, ते सांगू लागले. तो पावसाळी सकाळी किंचाळतो आणि जरा वेळानं निवतो. डायोड बिघडला तर बारीक गुणगुण येते, हेडलाइट लावले की वाढणारी, कधी रेडिओतही उतरणारी.

मग पट्टा उतरवून त्यांनी इंजिन क्षणभर चालवलं. क्षणभरच, कारण पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. खरखर थांबली. पंपाची पुली हातानं फिरवली, ती गुळगुळीत. अल्टरनेटरची फिरवली, तर बोटांना आतली कचकच लागली.

"बेअरिंग गेलंय, काका."

एकेक आवाज बाजूला सारत उरलेल्याचं ऐकण्याची ही रीत मला फार जवळची वाटते. नव्या गाड्या आपला अंतर्नाद जाड अस्तराखाली झाकून घेतात. ते सुखाचंच आहे, पण यंत्राला कान लावणारी माणसं विरळ होत चालल्याची हुरहूर काही जात नाही. पुष्कळ ठिकाणी आता अख्खा अल्टरनेटरच बदलतात. मिस्त्रींनी तो उघडला, जुनं बेअरिंग ओढून काढलं, झिजलेले कार्बनही बदलले. पट्टा चढवताना अंगठ्यानं दाबून त्याचा ताण अजमावला, कारण तो फार ताणला तर नवं बेअरिंगही लवकर जातं. इंजिन सुरू झालं, बॅटरीवरचा मीटर 14 व्होल्टच्या आसपास स्थिरावला.

"आता हेडलाइट लावा," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा वाकून ऐकू लागले.