मुदत संपलेले डबे

आमच्या मुर्रीला गोंदियाकर वेगळं गाव मानत नाहीत आणि आम्ही मुर्रीकर स्वतःला शहराचे समजत नाही. मधला रस्ता मात्र दोघांचा एकच. याच रस्त्यानं अब्बा पस्तीस वर्षं सायकलवरून राईस मिलमध्ये जात होते आणि याच रस्त्यानं गेली तेरा वर्षं मी स्कूटीवरून शाळेत जाते. मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. घरात उर्दू, बाजारात हिंदी, आणि कागदावर लिहायचं झालं की मराठी, अशी आमच्याकडची रीत.

अब्बा मिलमध्ये मिस्त्री होते. गोंदिया म्हणजे तांदळाचं शहर. हंगामात मिलचा आवाज रात्रीही थांबत नसे. अब्बांच्या हाताखालची कितीतरी यंत्रं अशी होती, की ज्यांच्या कंपनीला टाळं लागून जमाना झाला होता. सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अब्बा दुसऱ्या मोडक्या हलरचा भाग काढून बसवत, लेथवाल्याकडून एखादा घडवून आणत, बेअरिंगला कान लावून दुखणं ओळखत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, “अब्बा, कंपनीच बंद झाली तर मशीन कशी चालते?” ते म्हणाले होते, “कंपनी बंद हुई है बेटा, मशीन थोडी बंद हुई है.”

हे वाक्य मला गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ साली, पुन्हा आठवलं. निमित्त होतं आमच्या शाळेच्या वायफायचं.

वाचकांना वाटेल, वायफायवर लेख कसला लिहायचा? पण शाळेत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे, की आजकाल फळ्यापेक्षा पोर्टल मोठं झालं आहे. २०१९ साली नागपूरच्या एका कार्यालयानं नवी यंत्रणा बसवली आणि जुनी आमच्या शाळेला देऊन टाकली. छताला लावायचे पांढरे सहा डबे, ज्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात, आणि त्या सहांवर हुकूम चालवणारा एक कंट्रोलर. घरातल्या राऊटरसारखा हा प्रकार नसतो. मोठ्या कार्यालयासाठी बनवलेली ही वस्तू मजबूत असते. आमच्याकडे ती धुळीत, उन्हाळ्यात आणि विजेच्या लपंडावात सहा वर्षं तक्रार न करता चालली. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षावरचा धडा वर्गात दाखवता येऊ लागला. पडद्यावर उर्दू अक्षरं उमटली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत.

सप्टेंबरच्या एका पावसाळी दुपारी वीज गेली. तासाभरानं आली. दिवे लागले, पंखे फिरले, पण वायफाय आलं नाही. सहाही डबे लुकलुकत होते. पेटायचे, विझायचे, पुन्हा पेटायचे. एक बिघडला असता तर समजलं असतं. सहाच्या सहा एका दिवशी कसे बिघडतील?

वेळही वाईट होती. ३० सप्टेंबरची पटसंख्या आणि मुलांचे आधार पडताळून झालेले असणं यांवर शाळेची संच मान्यता ठरते. एका मुलाचं नाव राहिलं तर पटावर एक मूल कमी. लहान उर्दू शाळेत अशी दोन-चार मुलं कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. कारण अतिरिक्त कोण ठरेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती व्यक्ती आमच्यातच बसून मुलांची यादी तपासत होती.

हेडमास्तर साहेबांनी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन लावला. तिकडून सौजन्यानं उत्तर आलं, की या मॉडेलची सेवा समाप्त झाली आहे, आपण नवं घ्यावं. नव्याचा आकडा लाखाच्या वर होता. शाळेच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते.

या व्यवसायाची रीत मला तेव्हाच कळली. कंपनी आधी जाहीर करते, की अमुक मॉडेलची विक्री बंद. मग काही वर्षं दुरुस्ती आणि नवं सॉफ्टवेअर मिळत राहतं. बहुतेक वेळा ही मुदत पाचएक वर्षांची. ती संपली की कंपनीच्या लेखी ती वस्तू मेली. पण ती तर एखाद्या दवाखान्याच्या, गोदामाच्या, कॉलेजच्या छतावर नीट चालू असते. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत एक तिसरा माणूस उभा राहतो. तो वस्तू बनवणारा नसतो आणि वापरणाराही नसतो. तो जुने सुटे भाग जमवून ठेवतो, बिघडलेला डबा बदलून देतो, वर्षाच्या करारावर देखभाल करतो. अमेरिकेत यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत. ओहायो राज्यातली पार्क प्लेस टेक्नॉलॉजीज १९९१ पासून हेच काम करते. आपल्याकडे या माणसाला आपण साध्या भाषेत मिस्त्री म्हणतो.

आमचा मिस्त्री नागपूरहून सकाळच्या गाडीनं आला. पंचविशीतला मुलगा, पाठीवर पिशवी, हातात लॅपटॉप. त्यानं शिडी मागितली नाही, स्क्रू ड्रायव्हर काढला नाही. कंट्रोलरला तार जोडली आणि बराच वेळ नुसत्या ओळी वाचत बसला. अब्बा बेअरिंगला कान लावत, तसंच काहीतरी मला ते वाटलं. मग तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या डब्यांना काही झालेलं नाही.”

“मग चालत का नाहीत?”

“त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत संपली.”

त्यानं समजावून सांगितलं ते असं. प्रत्येक डब्याच्या पोटात कारखान्यातच एक प्रमाणपत्र घातलेलं असतं. कागदाचं नव्हे, आकड्यांचं. डबा सुरू झाला की तो कंट्रोलरला हे प्रमाणपत्र दाखवतो. कंट्रोलर तपासतो, की हा डबा खरा आहे, कुणी चोरून आणून लावलेला नाही, आणि मगच त्याला आत घेतो. आमच्या डब्यांतल्या प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची होती. सहाही डबे २०१५ मध्ये एका सुमाराला बनलेले, म्हणून मुदतही एका सुमाराला संपली. वीज होती तोवर आत घेतलेले डबे आतच होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. वीज गेली, ते बाहेर पडले, पुन्हा दारात आले, तेव्हा कंट्रोलरनं तारीख पाहिली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ते दर मिनिटाला दार ठोठावत होते. आम्हाला दिसत होतं ते लुकलुकणं म्हणजे तेच.

मी छताकडे पाहत राहिले. वाचकहो, त्याच महिन्याच्या १ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. सेवानिवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असेल त्यांना दोन वर्षांची मुदत. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, म्हणून आमचं काय होणार हे अधांतरी राहिलं. मी २०१२ साली लागले. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली २०१३ साली. बी.एड. आहे, तेरा वर्षांचा अनुभव आहे, पण ते एक प्रमाणपत्र नाही. काल वर्गात होते, आज दारात उभं करून कुणी विचारावं, तसं मला वाटत होतं. त्या डब्यांविषयी मला जे वाटलं त्यात थोडं स्वतःविषयीचंही होतं, हे कबूल केलं पाहिजे.

“उपाय आहे का?” मी विचारलं.

“दोन आहेत. कंट्रोलरच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये अशी मुदत न बघण्याची सोय आहे. पण ते कंपनीचं आहे, कराराशिवाय देत नाहीत, आणि कुठून तरी उचललेलं मी टाकणार नाही. दुसरा उपाय म्हणजे घड्याळ मागं करायचं.”

आणि त्यानं केलंही. कंट्रोलरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत होतं, ते तोडलं. साल केलं २०२३. पाच-सात मिनिटांत एकेक डबा स्थिर झाला. सहाही. वर्गातून पोरांचा गलका ऐकू आला.

मला आनंद झाला, पण तो पुरता नव्हता. आमच्या पेशात हजेरीपटावर मागची तारीख घालणं हा गुन्हा आहे. मी मुलांना सांगते, तारीख चुकली तर खोडून शेजारी सही करा, पण खोटी लिहू नका. आणि इथं आमच्या शाळेचं अख्खं जाळं खोट्या तारखेवर उभं राहिलं होतं. मी त्याला तसं बोलून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, “बरोबर आहे मॅडम. हा इलाज नाही, ही सोय आहे. म्हणून मी लिहून देतो.”

त्यानं वर्षभराच्या कराराचा कागद काढला. त्यात काय काय करणार ते होतंच. दोन जादा डबे तो जवळ ठेवील, बिघडला तर दोन दिवसांत बदलून देईल, विजेचा अडॅप्टर गेला तर नवा देईल. पण खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत काय करू शकणार नाही तेही होतं. या डब्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं तर ते बुजवणं त्याच्या हातात नाही. वायफायच्या कुलपात अशी भोकं पूर्वी सापडली आहेत. वेप नावाचं पहिलं कुलूप २००१ मध्येच कमकुवत ठरलं. त्याच्या नंतरच्या डब्ल्यूपीए-२ मधली खोट बेल्जियमच्या एका संशोधकानं ऑक्टोबर २०१७ मध्ये जगापुढे मांडली. तेव्हा कंपन्यांनी चालू मॉडेलांना दुरुस्ती पाठवली. ज्यांची सेवा संपली होती ती तशीच राहिली. पुढं काही सापडलं तर आमचे डबे त्याच रांगेत उभे असणार.

“म्हणून या वायफायवर धडे दाखवा, व्हिडिओ दाखवा,” तो म्हणाला, “पण मुलांचे आधार यावर भरू नका. ते काम एका संगणकाला सरळ तार लावून करा.”

आम्ही तसंच केलं. संगणकाच्या खोलीत एक तार ओढली, पाळ्या लावल्या आणि रात्री आठपर्यंत बसून याद्या पूर्ण केल्या. सगळी नावं चढली. जागा राहिली. ज्यांची राहिली त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणला, ईद नसताना.

आपल्या देशात दुरुस्तीच्या हक्काची भाषा आता सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगलं झालं. पण अब्बांच्या हलरचं कुलूप पान्यानं उघडत होतं. आमच्या डब्याचं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याची किल्ली कंपनीच्या खिशात. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असला तरी तो तिथवर पोहोचत नाही. कंपनीनं सेवा जरूर थांबवावी, तिलाही धंदा आहे. पण थांबवताना निदान शेवटची दुरुस्ती सगळ्यांसाठी मोकळी करून जावं, एवढं मागणं मला गैर वाटत नाही. नाहीतर धडधाकट डबे भंगारात जातील आणि ज्यांच्याकडे नव्याला पैसे नाहीत ते खोट्या घड्याळावर दिवस काढतील.

त्या रात्री घरी आले तेव्हा अब्बा ओट्यावर बसले होते. मिलच्या आवाजानं त्यांचे कान गेले आहेत, मोठ्यानं बोलावं लागतं. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. एका मिलमध्ये जुना पट्टा होता. अब्बांनी मालकाला सांगितलं होतं, की आता हा बदला. मालक म्हणाला, एवढा हंगाम निघू दे. अब्बांनी हंगाम काढून दिला आणि हंगामानं बोटं घेतली. मी तेव्हा चौथीत होते. आपण यंत्र चालू ठेवू शकतो याचा त्यांना अभिमान होता, आणि कुठं थांबायचं हे आपण ठामपणे सांगितलं नाही याची टोचणीही. त्या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातावर दिसतात.

त्यांनी विचारलं, “क्या खराब निकला?”

“कुछ नहीं अब्बा. मुद्दत निकल गई थी.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उस लड़के ने ये बताया, कि कहाँ हाथ नहीं लगाना?”

“बताया. लिख के दिया.”

“फिर मिस्त्री ठीक है.”

शाळेनं आता दरमहा थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे. दोन वर्षांत नवे डबे घ्यायचे असा ठराव झाला आहे. तोवर जुने चालतील, तार चालेल. मीही टीईटीचा अर्ज भरला. मोठ्या पीठाचा निर्णय काय यायचा तो येवो. डब्याला नवं काही शिकता येत नाही, म्हणून त्याचं घड्याळ मागं करावं लागलं. मला शिकता येतं. रात्री मुलं झोपली की मी बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडते. समोर अब्बा बसलेले असतात. मी मोठ्यानं वाचते, म्हणजे त्यांनाही थोडं ऐकू येतं.