मोटारसायकल बुटकी करण्याचा उपद्व्याप

आमची उंची पांच फूट दोन इंच. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यांत लिहावयाचें झाल्यास आम्हांस खुर्ची लागते, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. असें असतां दोन वर्षांपूर्वीं आम्हीं एक जुनी बजाज अव्हेंजर विकत घेतली. कावासाकी एलिमिनेटरच्या वळणावर बेतलेली ही गाडी पुण्याच्या बजाज कंपनीनें २००५ सालीं बाजारांत आणली. तिची बैठक मुळांतच सखल. आमचे दोन्ही पाय जमिनीस सुखानें टेकत. मग ती आणखी बुटकी करण्याचें कारण काय? खरें सांगावयाचें तर केवळ हौस. परदेशी गाड्यांच्या चित्रांत भुईशीं लागलेलें तें डौलदार अंग आमच्या मनांत भरलें होतें.

सदरमधील एका कारागिरानें "सर, तासाभराचें काम आहे" असें म्हणून तें केलेंहि. पुढचें चाक धरणाऱ्या दोन नळ्या त्यांच्या पकडींतून (हिला कारागीर 'टी' म्हणतात) त्यानें दीड इंच वर सरकविल्या व बोल्ट आवळले. गाडी देखणी दिसूं लागली. पुढील दोन-तीन दिवस आम्हीं शाळेच्या आवारांत उगाच एकेक फेरी जास्त मारली, हें कबूल केलें पाहिजे.

या नळ्यांच्या पोटांत स्प्रिंग असते व तेल असतें. स्प्रिंग धक्का झेलते. तेल बारीक छिद्रांतून वाहूं लागलें म्हणजे तिची उसळी शमते. तेलाची योजना असलेला असा फोर्क बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीनें १९३५ सालीं आपल्या आर १२ गाडीस बसविला. आज तसे फोर्क आपल्याच वाळूज व चाकण येथें तयार होतात. नळ्या वर सरकविल्यानें चाक जितकें दबावयाचें तितकेंच दबतें. परंतु चाकावरील मडगार्ड व खालची 'टी' यांमधील मोकळी जागा तेवढी घटते. शिवाय नळ्यांचा कलता कोन अधिक उभा होतो, आणि चाकास आपोआप सरळ ठेवणारी ओढ कमी पडते. हें सारें आम्हांस मागाहून कळलें; आणि आम्ही विज्ञान शिकवितों!

जुलै महिन्यांतील एका रविवारीं उपासनेहून परतत होतों. छावणीच्या बाजूस पावसाचें पाणी सांचून एक गतिरोधक दिसेनासा झाला होता. आम्हीं ऐन वेळीं ब्रेक दाबला. दोघांच्या भारानें नळ्या तळापर्यंत दबल्या, मडगार्ड 'टी'वर आदळलें, हँडल फिरलें व आम्ही उभयतां पाण्यांत. हेल्मेट दोघांच्याहि डोक्यास होतें. आम्हांस खरचटलें; आमच्या कुटुंबाचें मात्र डाव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता. त्या काळांत पोळ्या आम्हीं लाटल्या. त्यांतील कित्येक पाहून भूगोलाच्या शिक्षकांस आनंद झाला असता. तिनें दोष दिला नाहीं. एकदां एवढेंच विचारलें, "अहो, तुमचे पाय आधीं टेकत नव्हते का?"

पुढें गाडी आम्हीं एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेली. सातवींत आम्हींच त्याला विज्ञानांत नापास केलें होतें. त्यानें आधीं पाना उचललाच नाहीं. नळीवर एक बारीक पट्टी बांधली, आम्हांस गाडीवर बसविलें आणि फूटपट्टीनें मोजूं लागला. चालक बसल्यावर नळी आपल्या पूर्ण चालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी दबावी. आमची जवळजवळ निम्मी दबत होती. "सर, स्प्रिंगा बसल्या आहेत. हें न मोजतांच गाडी खालीं घेतली?" आम्ही खालीं पाहिलें. त्यानें कडक स्प्रिंगा घातल्या, ऑइल सील बदलले, दोन्ही नळ्यांत मापानें सारखें तेल भरलें व त्या मूळच्या उंचीवर आणल्या. बुटकेपणाची हौस राहिलीच असेल तर बैठकीचा फोम पातळ करूं, म्हणाला. नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे, हेंहि त्यानेंच आम्हांस सांगितलें.

आमचें कुटुंब अद्याप गाडीवर बसलेलें नाहीं. परवां मात्र आंगणांत उभ्या असलेल्या गाडीचें हँडल तिनें उजव्या हातानें जोरानें दाबून पाहिलें. नळ्या दबल्या आणि एकदांच, सावकाश, वर आल्या.

"आतां दोघें बसल्यावर किती खालीं जाते?" तिनें विचारलें.

आम्ही फूटपट्टी आणावयास आंत गेलों.