डोळ्यातलं इंजेक्शन आणि लघवीची गोळी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी माझ्याकडे येणारे बरेच आजी-आजोबा एकाच गोष्टीने धास्तावलेले असतात. "डॉक्टर, डोळ्यात इंजेक्शन देणार म्हणे!"

ते नक्की काय असतं, हे मी त्यांना आधी सांगतो. मोतीबिंदू बाहुलीच्या मागे असतो. तो काढायचा तर बाहुली मोठी करावी लागते. त्यासाठी ऑपरेशनआधी पुन्हा पुन्हा थेंब घालतात आणि वाट बघतात. आता तीन औषधांचं एकत्र इंजेक्शनही मिळतं. त्यातली ट्रोपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिन बाहुली मोठी करतात आणि लिग्नोकेन डोळा आतून बधिर करतं. मात्रा असते जेमतेम ०.२ मिलि. साधारण अर्ध्या मिनिटात बाहुली बरीचशी मोठी होते. मुख्य म्हणजे यात सुई टोचत नाहीत. भुलीचे थेंब घालून ऑपरेशनसाठी जो बारीक छेद घ्यायचाच असतो, त्यातूनच बोथट नळीने औषध आत सोडतात. मात्र तपासणीत थेंबांनी ज्यांची बाहुली नीट मोठी होत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत योग्य नसते.

एवढं ऐकल्यावर भीती जाते. मग मी विचारतो, "आजोबा, रात्री लघवीला किती वेळा उठता? त्याची गोळी चालू आहे का?" आजोबा सुनेकडे बघतात आणि गप्प बसतात.

प्रश्न आगाऊ वाटतो, पण महत्त्वाचा आहे. प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं टॅमसुलोसिन बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचे स्नायूही सैल करतं. ऑपरेशन चालू असताना तो पडदा लुळा पडून फडफडतो, बाहुली आकसते. चँग आणि कॅम्पबेल या अमेरिकन डॉक्टरांनी २००५ मध्ये हे प्रथम दाखवून दिलं. मूतखड्यासाठी हीच गोळी स्त्रियांनाही देतात.

सर्जनना आधी कळलं, तर ते तयारीत राहतात. जादा औषध, बाहुली उघडी धरणारी छोटी रिंग असे उपाय त्यांच्याकडे असतात. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बंद केली तरी डोळ्यावरचा परिणाम जाईलच असं नाही, उलट लघवी अडकू शकते.

म्हणून ऑपरेशनआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पूर्वी घेतलेल्या आणि आता बंद असलेल्या गोळ्याही सांगा. दात काढताना भुलीच्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली असेल, तर तेही सांगा. सुनेसमोर लाज वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून द्या.