दुष्काळात उभा राहिलेला महाल

पाचोडच्या माणसाला दुष्काळी काम म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १९७२ साली आमच्या मुलखात लोकांनी खडी फोडून दिवस काढले. म्हणूनच पुण्याचा आगाखान पॅलेस पाहताना मी चपापलो. १८९२ सालचा हा महाल तिसऱ्या आगाखानांनी बांधविला, तोही दुष्काळपीडितांच्या हाताला काम मिळावे म्हणून! इटालियन घाटाच्या कमानी, ऐसपैस सज्जे. आणि १९४२ च्या ऑगस्टात भोवती काटेरी तारा. गांधीजींबरोबर बंदिवासात आलेले महादेवभाई देसाई आठवडाही उलटला नाही तोच, १५ ऑगस्टला गेले. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. १९६९ साली वास्तू राष्ट्राला मिळाली. दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र मी उगीचच भिंतींवर शोधीत राहिलो.