आम्ही लंडनचे टॉमी

इंग्रजी शब्दकोशात आमच्या देवळालीला कायमची जागा मिळाली आहे. पण ती मिळाली वेडेपणाच्या सदरात! एखाद्याचे डोके ठिकाणावर नसले, की तो ‘डूलॅली’ झाला असे इंग्रज माणूस म्हणतो. हे डूलॅली म्हणजेच आमचे देवळाली. १८६१ साली इथे गोऱ्या पलटणींसाठी छावणी झाली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले शिपाई इथे येऊन विलायतेच्या बोटीची वाट पाहत. बोटी सुटत त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच हंगामात. ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर संपे, त्याला उन्हाळा-पावसाळा इथेच काढावा लागे. हाताला काम नाही, मुलूख परका, भाषा परकी. अशाने कित्येकांची डोकी फिरत. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच.

तेव्हा परक्या गावात माणसाचे काय होते, याचा अभ्यास आमच्या कॅम्पाने चांगला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे केलेला आहे. माझे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॅम रोडवर एका शिंप्याच्या दुकानात कामाला होते. ते सांगत, “नवा टॉमी ओळखायला त्याचे कपडे बघावे लागत नाहीत. तो चौकात उभा राहतो आणि पाट्या वाचतो.” असा टॉमी दिसला की बाजारातले दोन तऱ्हेचे लोक त्याला अचूक हेरत. एक, काचेचा खडा नीलम म्हणून त्याच्या गळ्यात मारणारे. आणि दुसरे, त्याला नीट रस्ता दाखवणारे. “लबाड माणूस उठून टॉमीकडे जायचा,” वडील म्हणत. “भला माणूस आपल्या गल्ल्यावर बसलेला असायचा. टॉमीनं येऊन विचारलं, तर सांगायचा.”

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा उपयोग पडला तो मात्र सत्तरी ओलांडल्यावर, खुद्द टॉमीच्या गावात!

गेल्या उन्हाळ्यात मुलीने आम्हा दोघांना दोन महिन्यांसाठी लंडनला बोलावून घेतले. ती हॅरोला राहते. ती आणि जावई दोघेही सकाळी कामावर जात. जाण्यापूर्वी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर सतरा कलमे होती आणि प्रत्येक कलमाच्या शेवटी ‘नका’ हा शब्द होता. फोन हातात धरून चालू नका, कोणाशी बोलू नका, पर्स खांद्याला लटकवू नका, सोने घालू नका. पोरीचे काही चुकत नव्हते. तिच्या ओळखीच्या दोन घरांतून दागिने गेले होते. पण सौभाग्यवतींनी ती यादी वाचली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, “मी आपली घरीच बरी.”

चार दिवस ती खिडकीत बसून होती. समोरच्या रस्त्यावर लाल बस येई, जाई. पाचव्या दिवशी दुपारी ती एकाएकी म्हणाली, “अहो, आपण इथं बोटीची वाट बघत बसलोय का?”

मी चपापलो. देवळालीची माणसे लंडनात येऊन डूलॅली होण्याच्या बेतात होती! मी तिला वडिलांचा टॉमी सांगितला आणि म्हटले, “सतरा कलमं राहू देत. आपण एकच ठेवू. ज्याला विचारायचं तो माणूस आपण निवडायचा. जो आपल्याला निवडून जवळ येतो, त्याला लांबून नमस्कार.”

यात तर्कशास्त्र फार नाही. मोठ्या शहरात बहुतेक माणसे आपापल्या कामाला निघालेली असतात. त्यांतल्या कोणालाही आपण थांबवले, तर तो भला निघण्याचाच संभव अधिक. पण गर्दीतून नेमका आपल्यालाच हेरून जो येतो, त्याचे आपल्याशी काही काम असते. आणि ते काम काय, हे त्याला ठाऊक असते, आपल्याला नसते.

लंडनच्या टॅक्सीचा कायदासुद्धा याच धोरणाचा आहे. रस्त्यात हात दाखवून थांबवता येते ती फक्त काळी टॅक्सी. तिचा चालक ‘नॉलेज’ नावाची परीक्षा देऊन आलेला असतो. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे पंचवीस हजार रस्ते त्याला तोंडपाठ करावे लागतात. ही परीक्षा १८६५ सालापासून चालू आहे. दुसऱ्या भाड्याच्या गाड्या आधी नोंदवूनच घ्याव्या लागतात. विमानतळावर किंवा नाटक सुटल्यावर “टॅक्सी, सर?” म्हणत जो जवळ येतो, तो बेकायदाच. आपण बोलावली ती खरी टॅक्सी, आपल्याला बोलावते ती खोटी!

पहिल्या सफरीला आम्ही वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गेलो. तिथे तीन वाट्या आणि एक गोळी असा खेळ मांडून एक जण बसला होता. भोवतीची माणसे धडाधड जिंकत होती. सौभाग्यवती दोन मिनिटे पाहून म्हणाल्या, “जत्रेतला तीन पानांचा खेळच की हा. जिंकणारे सगळे त्याचेच आहेत.” तिचे निदान अगदी बरोबर होते. या पुलावरच्या अशा टोळ्या कुप्रसिद्ध आहेत. तिथून पुढे तिची भीती निम्मी झाली. लबाडी परदेशी असली तरी तिची जात ओळखीची निघाली.

खरोखर, कोणती युक्ती नवी आहे? आपल्याकडे बँकेच्या दाराशी दहाच्या नोटा टाकून “काका, तुमचे पैसे पडले” म्हणतात. तिकडे कोटावर काहीतरी सांडतात आणि पुसायला पुढे येतात. आपल्याकडे तोतया पोलीस म्हाताऱ्या बायकांना “पुढं खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा” म्हणून सांगतात. युरोपातल्या शहरांत तोच तोतया “खोट्या नोटा तपासायच्यात, पाकीट दाखवा” म्हणतो. खरा पोलीस, नाशिकचा असो की लंडनचा, रस्त्यात दागिने काढायला लावीत नाही आणि कार्डाचा पिन विचारीत नाही.

एकदा एका स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रापाशी एक गृहस्थ हसतमुखाने पुढे आले. सूटबूट उत्तम, बोलणे मधाळ. “मी मदत करतो,” म्हणत त्यांनी सौभाग्यवतींच्या हातातल्या कार्डाकडे हात नेला. ती एक पाऊल मागे सरली आणि शुद्ध देवळाली कॅम्पच्या मराठीत ओरडली, “अहो, हात लावू नका!” दहा माणसांनी माना वळवल्या. गृहस्थ दिसेनासे झाले. मोठ्याने बोलायला परकी भाषा यावी लागत नाही, हा धडा त्या दिवशी मिळाला.

पण आपणहून येणारा प्रत्येक माणूस चोर, असे मी म्हणणार नाही. नकाशा उघडून उभे असताना एक वृद्ध इंग्रज बाई स्वतःहून आमच्याजवळ आली, रस्ता सांगितला आणि हवापाण्याबद्दल चार शब्द बोलून गेली. अशा वेळी आम्ही नियमाला एक पोटनियम जोडला. शब्द घ्यावेत, वस्तू हाती देऊ नये. कार्ड, फोन, पिशवी आपल्याच हातात. आणि कोणाच्या मागोमाग आडवाटेला जायचे नाही.

या नियमाने एका गोष्टीला मात्र उपाय नाही, ती म्हणजे हिसकाहिसकी. फुटपाथच्या कडेला फोनवर नकाशा बघत उभ्या असलेल्या एका तरुणाचा फोन सायकलवरून आलेल्याने माझ्या डोळ्यांदेखत उचलला. तरुण हात तसाच धरून उभा होता. फोन तेवढा नव्हता. म्हणून नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत शिरून, भिंतीला पाठ लावून. रस्त्याकडेला उभे राहून नाही. फोनचा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबले की दिसतो, तो घरून निघतानाच लिहून ठेवावा. पासपोर्टची प्रत वेगळ्या पिशवीत असावी. पासपोर्ट हरवलाच, तर पोलिसांत नोंद करून ऑल्डविच भागातल्या आपल्या हाय कमिशनकडे जावे. मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला तिथून मिळतो. जीव धोक्यात असेल, तर ९९९. हा क्रमांक लंडनमध्ये १९३७ सालापासून आहे. तो आठवला नाही, तर आपल्याकडचा ११२ तिथेही चालतो.

मंगळसूत्रावरून थोडा वाद झाला. मुलगी म्हणाली, “आई, तू ते काढूनच ठेव.” सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यापेक्षा मी घरी बसते.” अखेर तोड निघाली. सोन्याच्या वाट्या मुलीच्या कपाटात राहिल्या आणि साधी काळी पोत कोटाच्या कॉलरखाली गेली. दोघींचीही समजूत पटली.

मग आम्ही हायगेटला गेलो. आमच्या कॅम्पाला लागूनच भगूर आहे. तिथे १८८३ साली जन्मलेले विनायक दामोदर सावरकर १९०६ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले आणि ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू इथल्या ‘इंडिया हाउस’मध्ये राहिले. शेजारच्या गावचा मुलगा कुठे राहत होता, हे पाहायचे होते. किंग्ज क्रॉसला गाडी बदलायची. तिथून नॉर्दर्न लाइनच्या गाड्या दोन दिशांना जातात, काही एजवेअरला आणि काही हाय बार्नेटला. आर्चवेला उतरणाऱ्याने हाय बार्नेटची धरायची. मी पाटी वाचली होती. तरी सौभाग्यवतींनी फलाटावरचा गणवेशातला माणूस स्वतः निवडला, त्याला विचारले आणि मगच गाडीत पाऊल टाकले. आर्चवेहून चढ चढून गेल्यावर घर सापडले. भिंतीवर स्मरणाची निळी पाटी आहे. घर खाजगी आहे. म्हणून रस्त्यावरूनच पाहिले आणि परत फिरलो. जाऊन-येऊन तीन तास लागले, पण त्या तीन तासांत ती एकदाही पर्स चाचपत नव्हती.

परतायच्या आदल्या आठवड्यात लंडनच्या महाराष्ट्र मंडळात जायचे ठरले. १९३२ साली स्थापन झालेले हे मंडळ. त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे. नेमके त्या दिवशी माझे गुडघे बसले. मुलीला रजा नव्हती. सौभाग्यवती म्हणाल्या, “मी जाऊन येते.” मुलगी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही. वेंब्ली पार्कला गाडी बदलायची आहे, एवढे फक्त कागदावर लिहून दिले.

संध्याकाळी सहाला निघालेली बाई साडेनऊला हसत परत आली. मुलीने विचारले, “आई, वाट कुणाला विचारलीस?”

“बाबागाडी ढकलणाऱ्या एका बाईला,” ती कोट काढता काढता म्हणाली. “दोन्ही हात गुंतलेले होते बिचारीचे. माझ्या पर्सला लावायला मोकळा हात कुठून आणणार होती?”