छत्तीस वर्षांनी आलेली स्पर्धा

फिनिक्सहून टूसॉनला निघालो तेव्हा मे महिना होता आणि सकाळी नऊलाच गाडीचं दार हाताला चटका देत होतं. भावाला वाटत होतं, मी सवारोचं वन बघायला आले आहे. सवारो म्हणजे इथला हात वर करून उभा असलेला उंच निवडुंग. तो वाटेत दिसलाच, आणि मन भरून पाहिलाही. पण मला बघायचं होतं ते एक सॉफ्टबॉलचं मैदान. अमरावतीत कॉलेजला असताना मी कॅचर होते. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रात्रभर पॅसेंजरने जाऊन सकाळी मैदानावर उतरायचं, हे आमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं. त्या दिवसांत अ‍ॅरिझोनाच्या पिचर मुलींचे फोटो आम्ही वहीत चिकटवत असू.

टूसॉन हे नाव ओ'ओडम या इथल्या मूळच्या लोकांच्या भाषेतलं. काळ्या डोंगराचा पायथा, असा त्याचा अर्थ. तो डोंगर शहराला लागूनच आहे, आणि त्याच्यावर चुना फासलेल्या दगडांचं एक भलं मोठं इंग्रजी 'ए' अक्षर आहे. विद्यापीठाच्या मुलांनी ते 1915-16 साली रचलं. निमित्त होतं 1914 मध्ये फुटबॉलच्या एका सामन्यात मिळालेला विजय. गावात कुठेही उभं राहिलं तरी मान वर केली की ते अक्षर दिसतं. मला ते दिवसभर दिसत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत खुपायला लागलं. का, ते पुढे येईल.

अमेरिकेतली कॉलेजं खेळापुरती आपापल्या गटांत बांधलेली असतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आपला पश्चिम विभाग डोळ्यांसमोर आणला तर कल्पना येईल, फक्त तिथे ही नाती पिढ्यान्‌पिढ्यांची असतात. पॅसिफिक किनाऱ्याकडची कॉन्फरन्स डिसेंबर 1915 मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात जन्मली. डोंगरावर ते अक्षर रचलं जात होतं, त्याच सुमाराला. पुढे तिचं नाव पॅक-10 झालं आणि 2011 पासून पॅक-12.

मुलींचा सॉफ्टबॉल या कॉन्फरन्सच्या छत्राखाली 1987 मध्ये आला आणि पुढची पंचवीस वर्षं या खेळाची राजधानी इथेच होती. मी हे प्रेमापोटी म्हणत नाही. 2006 ते 2011 ही सलग सहा राष्ट्रीय विजेतेपदं याच कॉन्फरन्सच्या संघांनी घेतली: अ‍ॅरिझोना दोनदा, मग अ‍ॅरिझोना स्टेट, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि पुन्हा अ‍ॅरिझोना स्टेट. एकट्या अ‍ॅरिझोनाने 1991 ते 2007 या काळात आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ती सगळी माईक कँड्रिया या प्रशिक्षकाच्या हाताखाली. 1986 मध्ये हा माणूस इथे आला आणि 2021 मध्ये निवृत्त झाला. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणारा अमेरिकेचा संघही त्यांचाच. त्या स्पर्धेत त्यांच्या मुलींनी 51 धावा केल्या आणि फक्त एक दिली. 2001 मध्ये जेनी फिंच अ‍ॅरिझोनासाठी 32 सामने जिंकली आणि एकही हरली नाही. आमच्या वहीतला सगळ्यात मोठा फोटो तिचाच होता.

आणि एवढ्या थोर घराण्याला स्वतःची अजिंक्यपद स्पर्धाच नव्हती! बाकीच्या बहुतेक कॉन्फरन्समध्ये हंगामाच्या शेवटी सगळे संघ एका जागी जमत, हरला तो घरी जाई, उरला तो विजेता. इथे मात्र दर आठवड्याच्या शेवटी एकेका प्रतिस्पर्ध्याशी तीन-तीन सामने खेळायचे आणि शेवटी तक्त्यात वर असेल तो पहिला. खेळाडू म्हणून मला हीच पद्धत जास्त न्यायाची वाटते. पण अंतिम सामन्याच्या दिवशी पोटात जो गोळा येतो, तो तक्त्यातून येत नाही.

तो दिवस 2023 च्या मे महिन्यात उजाडला, छत्तीस वर्षांनी, आणि याच मैदानावर. कँड्रियांचं नाव आता या मैदानाला आहे. स्टेडियम हिलेनब्रँड यांच्या नावाचं, 1993 मध्ये उघडलेलं, जेमतेम तीन हजार माणसांचं. ट्राममधून उतरून थोडं चाललं की ते येतं. आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. जाळीतून आत बघितलं. लाल माती, हिरवं गवत, मागे कॅटालिनाचे डोंगर उन्हात पांढरट झालेले. नऊ संघ इथे चार दिवस खेळले. अंतिम सामन्यात यूटाने यूसीएलएला 7-6 असं हरवलं. यूसीएलए म्हणजे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. यूटा त्याच लाटेवर राष्ट्रीय विजेतेपद जिथे ठरतं त्या ओक्लाहोमा सिटीच्या वर्ल्ड सिरीजपर्यंत गेली; 1994 नंतर पहिल्यांदाच.

पण त्या दुपारी मैदानावर असलेल्या यूसीएलएच्या मुलींना माहीत होतं, की आपल्या विद्यापीठाने घर सोडायचं ठरवलंय. तो निर्णय आदल्या वर्षीच्या जूनमध्ये जाहीर झाला होता. स्पर्धा संपून तीन महिने झाले नाहीत, तोच बाकीचं घरही मोडलं. कारण फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा पैसा. डोंगरावरचं ते 'ए' मला खुपलं ते म्हणूनच; तेही फुटबॉलचंच. अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग 12 नावाच्या कॉन्फरन्समध्ये गेल्या. ओरेगन आणि वॉशिंग्टन यूसीएलएच्या मागोमाग बिग टेनमध्ये. स्टॅनफर्ड आणि कॅल तर अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिककडच्या मुली आता लीगच्या सामन्यासाठी बोस्टनपर्यंत विमानाने जातात. दुसरी स्पर्धा 2024 मध्ये स्टॅनफर्डला झाली. यूसीएलएने यूटाला 2-1 हरवून हिशेब चुकता केला. घर मोडण्यापूर्वीची ती शेवटची.

या वाटणीत मुलींच्या खेळाचा विचार कोणी केला असेल, असं मला वाटत नाही आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तीन तासांच्या बसप्रवासात ज्या वैऱ्यांशी मैत्री होते, ती प्रक्षेपणाच्या करारात कुठल्या रकान्यात लिहिणार?

जेवायला बसलो तिथे बाजूच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं मान्सूनबद्दल बोलत होतं. मी चमकले. हाच शब्द! जुलैत इथे तसाच गडगडाट करत पाऊस येतो आणि ओ'ओडम लोकांचं नवं वर्ष सवारोची फळं काढायच्या त्या दिवसांत सुरू होतं. "ताई, जुलैत परत ये," भाऊ म्हणाला.

निघण्यापूर्वी पुन्हा त्या जाळीपाशी गेलो. बाहेरच्या फुटपाथवर मी पिचरच्या जागेपासून होमपर्यंतचे 43 फूट पावलांनी मोजले आणि भावाला त्या टोकाला उभं केलं. मग या टोकाला गुडघे वाकवून बसले आणि दोन्ही हात पुढे केले. चेंडू नव्हता. त्याने तरीही हात गोल फिरवून फेकला.